मोठ्या सिस्टरांची सुट्टी

मी त्या वॉर्डात हजर झाले त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी माझं नाव विचारण्याआधी मला वजनकाट्यावर उभं केलं.

केमोच्या वॉर्डात वजनकाटा दाराशीच असतो. पेशंटला औषध किती द्यायचं हे त्याच्या वजनावर ठरतं, म्हणून येणारा प्रत्येक जण आधी काट्यावर चढतो. मला वाटलं, बाईंची काहीतरी गफलत झाली. मी घाईघाईनं म्हटलं, "मॅडम, मी पेशंट नाही. नवीन स्टाफ हाव. आजपासून जॉइन होऊन राहिली."

"मालूम हाय मले," काट्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस. घरी जेवाले देतेत का नाही तुले?"

मग त्यांनी खिळ्याला टांगलेली एक लांबट वही काढली. तीत पाच नावं होती आणि प्रत्येक नावापुढे दर सोमवारचं वजन. माझं नाव विचारलं ते त्या वहीत सहावं लिहायचं होतं म्हणून.

"पेशंटचं वजन उतरलं का डॉक्टर डोस बदलते," पेन बंद करत त्या म्हणाल्या. "सिस्टरचं वजन उतरलं तर कोण पाहाले येते? कोणी नाही. म्हणून मले पाहा लागते. दिवाळीपर्यंत मले सेहेचाळीस पायजे. जा, हात धू."

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, पण तिकडचे पेशंटसुद्धा जुन्या सवयीनं भंडाऱ्यालाच येत. आमच्या दवाखान्यात केमोसाठी दहा खुर्च्यांचा वॉर्ड सुरू झाला होता. नागपूरचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. लोक सकाळी येत, चार-पाच तास सलाईन लावून बसत आणि दुपारच्या बसनं आपापल्या गावी जात. आम्ही सहा जणी नर्स आणि आमच्या वर इंचार्ज म्हणून त्या. सगळा दवाखाना त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचा.

त्या वैनगंगेपलीकडच्या कारध्याच्या. सकाळी बरोबर पावणेआठला पुलावरून त्यांची पोपटी मोपेड यायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं आडवी, केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि पायांत पी.टी.च्या मास्तरसारखे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून पेशंट हसायचे. "हसा," त्या म्हणायच्या, "तुमाले उलटी आली का मीच धावत येईन, तुमची चप्पलवाली सून नाही." लग्न केलेलं नव्हतं. भावाच्या घरी राहायच्या, भावाची दोन पोरं त्यांनीच वाढवली होती. आवाज असा की रक्त तपासणीच्या खोलीतून हाक मारली तर गेटवरचा चौकीदार उभा राहायचा.

सव्वा वाजता आमचं जेवण. तीन जणी पेशंटजवळ, तीन जणी डब्यावर, मग अदलाबदल. हे काही कागदावर नव्हतं, पण दवाखान्यातला एकही कागद इतका पाळला जात नसेल. डबा उघडला की त्या प्रत्येकीच्या डब्यात डोकावायच्या. मोहाडीची एक पोरगी होती आमच्यात, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत तोंडाळ. तिनं एकदा डब्याऐवजी बिस्किटाचा पुडा काढला. मोठ्या सिस्टरांनी तो पुडा उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय वो?"

"उशीर झाला जी सकाळी. आज यावरच भागवते."

"बिस्कुटावर माणूस चालते का? दुपारी त्या मासळच्या आजीले उचलून संडासात न्या लागते. तू तिले उचलशीन का ती तुले?" आणि आपल्या डब्यातला अर्धा भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण तिच्या झाकणात वाढलं. ते वरण त्या रोज जास्तच आणायच्या. कोणाचा ना कोणाचा डबा हलका असणारच, असा त्यांचा हिशेब.

एकदा वरून मोठे साहेब तपासणीला आले. नेमके एक वीसला. चपराशी धापा टाकत आला, "साहेब आले, साहेब आले!" आम्ही तिघी तोंडातला घास तसाच घेऊन उभ्या राहिलो.

"बसा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "साहेब आले हायत, इमारत पडून नाही राहिली."

त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. आतून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"स्टाफ कुठे आहे तुमचा?" साहेबांचा आवाज.

"तीन सिस्टर पेशंटजवळ हायत, ते समोर दिसून राहिल्या. तीन जेवून राहिल्या. पावणेदोनले त्या तुमच्यासमोर उभ्या राहतीन."

"मी काय पावणेदोनपर्यंत थांबू?"

मग मोठ्या सिस्टरांचा आवाज, एकदम खाली आलेला, "सर, तुमाले घाम येऊन राहिला. शुगर हाय का तुमाले? सकाळपासून काही खाल्लं का?"

दोन मिनिटांनी दार उघडलं आणि साहेब आत आले. आमच्या बाकड्यावर, माझ्या आणि मोहाडीच्या पोरीच्या मध्ये बसले आणि मोठ्या सिस्टरांच्या डब्यातलं वांग्याचं भरीत आणि भात गुपचूप जेवले. खरंच त्यांना मधुमेह होता आणि नागपूरपासून ते उपाशी फिरत होते. जेवताना त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "रोज इतक्या गरमीत बसता?" त्यांच्या तपासणी अहवालात आमच्या वॉर्डाबद्दल फक्त एवढंच लिहिलं होतं की स्टाफच्या खोलीत पंखा नाही. पंधरा दिवसांत पंखा आला. तो लावणाऱ्या वायरमनलाही मोठ्या सिस्टरांनी आधी जेवायला बसवलं.

वॉर्डाच्या मागे धुतलेल्या चादरींची एक छोटी खोली होती. तिथे एक स्टूल, पाण्याचा माठ आणि खुंटीला टॉवेल. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ती खोली दाखवली.

"रडाचं असन तर अठी रडाचं. पेशंटसमोर नाही आन् संडासातही नाही."

"संडासात काहून नाही?" मी विचारलं.

"संडासात रडलं का माणसाले वाटते, आपण काही चोरी करून राहिलो. ही खोली रडाचीच हाय. खुशाल बस. तवापर्यंत तुझा पेशंट दुसरी पाहीन. कोणी काही विचारणार नाही."

आणि खरंच कोणी विचारायचं नाही. बाहेर आलं की मोठ्या सिस्टर फक्त म्हणायच्या, "बोल, आता कोणता पेशंट घेतेस?" पुढे जायची वाट त्या एका प्रश्नात असायची. तोंड धुवून आपण आपोआप म्हणायचो, "चार नंबरच्या काकांना घेते."

शनिवारी पेशंट गेल्यावर चहा व्हायचा. त्या आठवड्यात आमचं कोणी गेलं असेल तर त्याच्याविषयी एकीनं तरी काही सांगायचं. पण आजाराचं नाही. एकदा मी सुरुवातच केली, "त्यांचा लिव्हरमध्ये पसरला होता," तर त्यांनी हात वर केला. "रोग मले मालूम हाय. माणूस सांग."

मग माणसं निघायची. वरठीच्या स्टेशनबाहेर पानठेला चालवणारे एक काका होते, तोंडाचा कॅन्सर झालेले. स्वतःचा आजार कळल्यावर त्यांनी ठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं बंद केलं आणि फुटाणे विकायला सुरुवात केली. जुनं गिऱ्हाईक खर्रा मागायला आलं की ते काही बोलायचे नाहीत, नुसता तोंडावरचा रुमाल काढून दाखवायचे. गिऱ्हाईक मुकाट्यानं फुटाणे घेऊन जायचं. ते गेले त्या शनिवारी मोहाडीच्या पोरीनं त्यांची रुमाल काढायची तऱ्हा करून दाखवली आणि आम्ही डोळे पुसत पुसत हसलो. मोठ्या सिस्टरांनी सोमवारी त्यांच्या ठेल्यावरून, जो आता मुलगा चालवायचा, पिशवीभर फुटाणे आणून सगळ्या पेशंटना वाटले.

मी मात्र एका शनिवारी काहीच सांगू शकले नाही.

चिखल्याची एक बाई आमच्याकडे सात महिने येत होती. नवरा तिथल्या मँगनीजच्या खाणीत कामाला. छातीचा कॅन्सर, वय माझ्याएवढंच, दोन लहान मुलं. हाताच्या शिरा इतक्या बारीक की सुई लावायला घाम फुटायचा, पण ती दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. "हेच बाई लावतीन," म्हणायची. केस गेले तेव्हा डोक्याला दुपट्टा गुंडाळून आली आणि हसत म्हणाली, "बरं झालं बाई. आता भांडणात सासूच्या हाती माह्या झिंज्या लागत नाहीत." तिचा दिवस असला की मी जरा लवकरच यायची.

एका मंगळवारी ती आली नाही. तिचा नवरा एकटाच आला. आम्ही दिलेली गरम पाण्याची पिशवी धुवून, कागदात गुंडाळून परत करायला. पिशवी माझ्या हातात दिली, "बायको जाच्या आधी म्हणे, सिस्टरची हाय, देऊन द्याजो," म्हणाला आणि गेला.

मी चादरींच्या खोलीत गेले नाही. मी ठीक आहे, असं सगळ्यांना सांगितलं. पुढचे बारा-पंधरा दिवस मी यंत्रासारखी कामं केली. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. सोमवारी काट्यावर मी बेचाळीसवर उतरले होते आणि मोठ्या सिस्टरांनी वहीत लिहिताना पेन जरा जास्त दाबलं.

मग ते झालं. एकाच आडनावाच्या दोन बाया शेजारशेजारच्या खुर्च्यांवर होत्या. मी एकीची बाटली दुसरीच्या स्टँडला टांगली. आमच्याकडे औषध सुरू करण्याआधी दोन नर्सनी नाव वाचायचं असतं. मोठ्या सिस्टरांनी मोठ्यानं वाचलं आणि थांबल्या. औषध सुरू झालं नव्हतं, कोणाला काही झालं नाही. पण मी बाटलीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत तिथेच उभी राहिले. त्यांनी बाटली काढली, योग्य स्टँडला लावली, दुसऱ्या नर्सला हाक मारून पुन्हा नाव वाचायला लावलं आणि मग माझ्या हातांतले ग्लोव्ह्ज एकेक बोट धरून स्वतः काढले. जसे लहान मुलाचे मोजे काढतात तसे.

"घरी जा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. मग लाल पेन काढलं.

"'मानसिक'मधला 'सि' ऱ्हस्व हाय. नोकरी सोडाची त सोड, पण शुद्ध लिहून सोड." दुरुस्ती केली आणि म्हणाल्या, "तारीख टाकली नाहीस. चांगलं केलं. अठी राहू दे. रोज सकाळी विचार कर. ज्या दिवशी पक्कं वाटन त्या दिवशी तारीख टाक, मी सही करतो."

त्यांनी टेबलाचा खालचा कप्पा ओढला. आत तसेच कागद होते. मोहाडीच्या पोरीचं अक्षर मी ओळखलं. इतर चौघींचंही. सगळ्यांत खाली एक पिवळा पडलेला कागद, त्यावरचं अक्षर त्यांचं स्वतःचं. मी वर बघितलं.

"काय पाहतेस? मी का लोखंडाची हाव?" त्यांनी कप्पा बंद केला. "रविवारी काही काम हाय का तुले? सहाच्या एस.टी.नं जाचं हाय. डबा आण. दोन माणसाचा."

कुठे जायचं ते तुमसरला उतरून खाजगी जीपमध्ये बसेपर्यंत त्यांनी सांगितलं नाही. जीपवाला "चिखला, चिखला" ओरडत होता. मी म्हटलं, "सिस्टर, मी नाही येत. तिच्या घरी जाऊन मी काय बोलू?"

"बोलाचं काहीच नाही. तू तिले खुर्चीवरच पाहिलं. खुर्चीवर माणूस अर्धंच दिसते. चल."

खाणकामगारांच्या कॉलनीत तिचं घर होतं. नवऱ्यानं बाज टाकली, मुलं दारामागून बघत राहिली. भिंतीवर तिचा फोटो होता, हार घातलेला. फोटोत ती कबड्डीच्या ड्रेसमध्ये, हातात शील्ड, मागे सहा पोरी. मांड्या कशा, खांदे कसे! मी सात महिने ज्या काडीसारख्या हाताची शीर शोधत होते तो हात या बाईचा होता हे मला पटेचना.

"शाळेची कॅप्टन होती," नवरा म्हणाला. "लग्नात माहे दोस्त मले म्हणत, पकडून ठेव, नाही त रेड टाकून पळून जाईन."

आतून सासू आली. चहाचे कप आमच्यापुढे ठेवून जमिनीवर बसली. "लय भांडखोर होती," ती म्हणाली. "रोज भांडे माह्याशी. भाजीवरून, पाण्यावरून, पोराच्या शाळेवरून. आता घर कसं मुकं झालं बाई. कोणाशी भांडू?" आणि मग तिलाच काय आठवलं कोण जाणे, ती फिसकन हसली. "केस गेले त मले म्हणे, आत्याबाई, आता धरा झिंज्या, पाहू कशा धरता!"

मी हसले. हसता हसता जे रडायला आलं ते मी थांबवलं नाही. सासूही रडली. धाकटी मुलगी येऊन माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. मोठ्या सिस्टर एका हातानं चहा पीत होत्या आणि दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटत होत्या, आणि मध्येच नवऱ्याला विचारत होत्या, "तुमी जेवून राहिले ना बरोबर? ड्युटी कोणती हाय? डबा कोण बनवते?"

परतीच्या एस.टी.त मी दोन माणसांचा डबा एकटीनं संपवला. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग आपणहून बोलल्या. ट्रेनिंगमध्ये त्यांची एक मैत्रीण होती. दोघी नागपूरला एकाच कॅन्सर वॉर्डात लागल्या. मैत्रीण गावोगावच्या शिबिरांत बायकांना शिकवायची, आपल्या छातीत गाठ आहे का ते स्वतः कसं तपासायचं. स्वतःची गाठ तिनं आठ महिने कोणाला सांगितली नाही. वॉर्डात माणसं कमी आहेत, हे शिबिर होऊ दे, ते शिबिर होऊ दे.

"ती गेली तवा मी राजीनामा लिहिला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मंग वाटलं, मी सोडून काय होते? मागं ज्या पोरी हायत त्याईले जेव म्हणायले कोण राहीन?"

मी राजीनाम्यावर तारीख टाकली नाही. आमच्या वॉर्डात प्रत्येकीनं आपल्या वाढदिवशी लेडी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, अशी सक्ती का होती तेही मला त्या दिवशी कळलं. तोवर मी त्याला त्यांचं आणखी एक खूळ समजत होते.

ही गोष्ट मोहाडीच्या पोरीला सांगितली ते बरं झालं. कारण तिनं विचार केला आणि पुढच्या सोमवारी, आम्ही काट्यापुढे रांगेत उभ्या असताना, तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "मोठ्या सिस्टर, या वहीत तुमचं नाव काहून नाही जी?"

"मले काय धाड भरली?"

"आन् वाढदिवसाची तपासणी? तुमी कवा केली?"

"चढ तू काट्यावर. वेळ होऊन राहिला."

"नाही चढत," ती म्हणाली आणि खाली फरशीवर मांडी घालून बसली. मग दुसरी बसली. मग मी. सहाच्या सहा जणी वॉर्डाच्या दारात बसलो. पेशंट मान वर करून बघायला लागले. लाखांदूरकडचे एक म्हातारे बाबा सलाईनचा स्टँड हातात धरून म्हणाले, "संप हाय का वो बाई?"

मोठ्या सिस्टर ओरडल्या, चिडल्या, डॉक्टरांचं नाव घेऊन धमकावलं. आम्ही हललो नाही. शेवटी त्या बूट काढून काट्यावर उभ्या राहिल्या. मी आकडा वाचला, त्यांच्या आडव्या अंगाच्या मानानं तो फारच कमी होता. मग त्यांच्याकडे बघितलं. साडीच्या घोळात कधी लक्षात आलं नव्हतं, पण जवळून बघितलं तर ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या.

"सिस्टर?"

त्या काट्यावरच उभ्या होत्या. इतक्या हळू बोलल्या की त्यांचा तसा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. "हाय एक गाठ. डाव्या बाजूले. चार महिने झाले."

मोहाडीच्या पोरीनं उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना काट्यावरून खाली उतरवलं.

"मले भेव वाटलं वो, जेवणच जात नव्हतं," त्या म्हणाल्या. "मलेच सगळं मालूम हाय ना, म्हणून."

आम्ही त्याच दिवशी त्यांना लेडी डॉक्टरकडे नेलं आणि तिसऱ्या दिवशी नागपूरला. सुई टाकून तुकडा काढला. अहवाल यायला आठ दिवस. ते आठ दिवस त्या रोज पावणेआठला येत राहिल्या, घरी बसवेना म्हणून. आम्ही पाळी लावली होती. एक जण त्यांच्या मोपेडवर मागे बसून कारध्यापर्यंत सोडायला जायची. एक जण डबा आणायची आणि समोर बसून त्यांना जेवायला लावायची. "अजून दोन घास," मोहाडीची पोरगी त्यांच्याच आवाजात दरडावायची. आमच्यातल्या प्रत्येकीला त्या आजाराचं नको इतकं माहीत होतं. त्यामुळे आम्ही त्याच्याबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल अखंड बोलत होतो.

नागपूरचे डॉक्टर लिफाफा घेऊन आले तेव्हा वॉर्ड भरलेला होता. त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं, "साधी गाठ आहे, सिस्टर. कॅन्सर नाही. काढून टाकू, संपलं."

"नाव पाहिलं का बरोबर?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "वय? दोघांनी वाचलं का?"

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे दिला. मी नाव वाचलं, वय वाचलं, सगळं मोठ्यानं वाचलं. लाखांदूरच्या बाबांनी सुई नसलेल्या हातानं मांडीवर थाप मारली आणि मग दहाही खुर्च्यांवरचे लोक, ज्याला जसं जमेल तसं, टाळ्या वाजवायला लागले. एका मावशीची सलाईन निसटली तरी ती वाजवत होती.

मोठ्या सिस्टर सरळ चादरींच्या खोलीत गेल्या. चांगल्या अर्ध्या तासानं बाहेर आल्या. नाक लाल, खांद्यावर टॉवेल.

"बोला, कोणता पेशंट घेऊ?"

"कोणताच नाही," आम्ही म्हटलं. "सुट्टीचा अर्ज लिहा."

ऑफिसातल्या क्लार्कनं त्यांच्या रजेचा तक्ता काढला तेव्हा त्याला आधी वाटलं, त्याचीच चूक झाली. वर्षानुवर्षं रकाने कोरे होते. छोटं ऑपरेशन झालं आणि त्या दीड महिन्याच्या सुट्टीवर गेल्या. पहिला आठवडा दिवसातून आठ-आठ वेळा फोन. "सात नंबरच्या बाईचं तोंड आलं होतं, बरं झालं का? माठ भरला का? मोहाडीवाली काय जेवली?" शेवटी आम्ही ठरवलं, फोन उचलायचाच नाही. मग फोन थांबले. इतके थांबले की आम्हालाच काळजी वाटायला लागली. मी कारध्याला गेले.

त्या घरी नव्हत्या. भावजय हसत म्हणाली, "तिकडे हायत, दंडारीवाल्याईकडे."

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत दंडार होते. नाच, गाणी आणि सोंगांचं नाटक. सगळी कामं पुरुषच करतात, बाईचीसुद्धा. मोठ्या सिस्टरांच्या लहानपणी त्यांच्या मामाच्या दंडारीची तालीम त्यांच्याच अंगणात व्हायची. बघून बघून त्यांना सगळे पार्ट पाठ झाले होते. पण पोरीनं सोंग घ्यायचं नाही म्हणून मामानं अंगणातून हाकललं होतं. आता सुट्टीत ओसरीवर पडल्या पडल्या पलीकडच्या अंगणातली तालीम त्यांना ऐकू यायची. चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी थानेदाराचं काम करणारा पोरगा अडखळला की मोठ्या सिस्टर भिंतीपलीकडून ओरडून पुढची ओळ सांगायला लागल्या. तो पोरगा नोकरीसाठी पुण्याला निघून गेला तेव्हा दंडारीचे मास्तर भिंतीपाशी येऊन म्हणाले, "मंग आता तूच कर, बाई. नाहीतरी तुझाच आवाज ऐकू येते."

मंडईच्या दिवशी आम्ही पाच जणी गेलो. सहावी वॉर्डात थांबली. बरेच पेशंटही आले होते. लाखांदूरचे बाबा नातवाच्या मोटारसायकलवर बसून आले होते. उसाचे भारे, रेवड्या, फुगे, सगळीकडे धूळ आणि दुपार कलत आलेली. ढोलकी वाजली आणि मोठ्या सिस्टर मंडपात आल्या. खाकी पँट, खाकी शर्ट, कमरेला पट्टा, हातात लाठी, नाकाखाली ही एवढी काळी मिशी. पायांत कॅनव्हासचे बूट.

आम्ही श्वास रोखून बसलो. विसरल्या तर? लोक हसले तर?

समोर कोंबडीचोर होता. ते काम गावातले शाळामास्तर करत होते. मोठ्या सिस्टरांनी लाठी आपटली आणि त्यांचा तो वॉर्डातला आवाज पूर्ण मंडईवरून गेला, "कोंबडी कोठी हाय?"

फुगेवाल्यानंसुद्धा मागे वळून बघितलं.

दुसऱ्या प्रसंगात घामानं मिशीचा डिंक सुटला. मिशी एका बाजूनं लोंबायला लागली. लोक खिदळले. मास्तरांना हसू आवरेना, पुढचं वाक्य त्यांना आठवेना. एक क्षण मोठ्या सिस्टर नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी मिशी ओढून काढली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "मिशी सुट्टीवर गेली! थानेदार ड्युटीवर हाय! चल, तोंड उघड!"

हे दंडारीत नव्हतं. मास्तरांनी बिचाऱ्यांनी तोंड उघडलं. मोठ्या सिस्टरांनी हनुवटी धरून, मान उजेडाकडे वळवून आत बघितलं.

"खर्रा खातेस?"

"खातो जी," मास्तर खरंच बोलून गेले.

मग काय झालं ते मी नीट बघू शकले नाही, कारण मोहाडीची पोरगी हसून हसून माझ्या अंगावर पडली होती आणि मंडई उठून उभी राहिली होती. ढोलकीवाला आपणहून वाजवायला लागला आणि मोठ्या सिस्टर लाठी डोक्यावर धरून नाचल्या. डॉक्टरांनी हात वर करायला मनाई केली होती, डावा त्यांनी वर केला नाही. एका हातानं नाचल्या.

उतरून त्या आमच्याजवळ आल्या तेव्हा वरच्या ओठावर डिंकाचा पट्टा चिकटलेला होता आणि चेहरा तापलेल्या तव्यासारखा. लाखांदूरच्या बाबांनी त्यांना हात जोडले. मोहाडीच्या पोरीनं नुसता उसाचा कांडा पुढे केला.

त्यांनी तो घेतला, पण खाल्ला नाही. मागे मंडपाकडे एकदा बघितलं.

"दंडारीच्या मास्तरले सांगून आली," त्या म्हणाल्या, "पुढच्या साली मले राजाचा पार्ट पायजे."

"राजाले तलवार चालवा लागते, सिस्टर," मी म्हटलं.

"चालवीन. साल पडलं हाय शिकाले," त्या म्हणाल्या आणि उसाचा कांडा दातानं सोलायला लागल्या.